कोन सेट आणि टी बदलताना: इंदूरच्या रस्त्यांवरच्या मोटरसायकलींसाठी

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला, आणखी काही तपासायची गरज नाही. बाकीच्या तक्रारी मात्र फसव्या असतात. पुढचा ब्रेक दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज येणं, खड्ड्यात हँडलला झटका बसणं, कमी वेगात गाडी एका रेषेत न चालणं, या सगळ्यांना चार-पाच कारणं असू शकतात. गॅरेजमध्ये उपाय बहुधा एकच होतो. सी-पाना लावून हँडलखालचा खाचांचा नट जरासा फिरवायचा आणि म्हणायचं, “कस दिया भिया, अब नहीं बोलेगी.” आवाज थांबतोही. पण जास्त आवळलेल्या कोन सेटमध्ये छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) ज्यात फिरतात त्या वाटीत दाबले जातात, आणि खाचा पडायला सुरुवात झाली असेल तर त्या आणखी खोल जातात. शिवाय हँडल जड झाल्यामुळे राजवाड्याच्या गर्दीत गाडी सापासारखी चालते, आणि चालवणाऱ्याला वाटतं की टायरच गेला.

कोन सेट आणि टी (शॉकअप धरणारा खालचा क्लॅम्प) बदलायचं काम घरी करता येतं. सुटे भाग स्वस्त आहेत, खास अवजारं फारशी लागत नाहीत. निकाल ठरतो तो वाट्या किती नीट बसल्या यावर आणि नट कोणत्या क्रमाने आवळले यावर. म्हणून खाली काढण्यापेक्षा बसवण्याबद्दल जास्त लिहिलं आहे. सगळा विचार १०० ते ३५० सीसीच्या, साधे टेलिस्कोपिक शॉकअप असलेल्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून केला आहे.

हा भाग खराब का होतो

चाकाचं बेअरिंग गोल गोल फिरतं, त्यामुळे त्यातलं ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. हँडलच्या बेअरिंगचं तसं नसतं. खंडवा रोडवर तासभर सरळ गाडी चालवली तर हँडल एखाद-दोन अंशच हलतं. तेच छर्रे वाटीच्या त्याच ठिकाणी बसून खड्ड्यांचे दणके खातात. दोघांमधलं ग्रीस हळूहळू बाजूला सरकतं, धातूवर धातू अगदी बारीक घासत राहतो आणि तिथे तांबूस भुकटीसह छोटे खड्डे पडतात. सेट ढिला असेल तर प्रत्येक धक्क्याला छर्रा उचलला जाऊन पुन्हा आपटतो आणि हेच काम दुप्पट वेगाने होतं.

दुसरं कारण पाणी. खालच्या वाटीला चाकावरून उडालेला चिखल लागतो, वरच्या वाटीला धुलाई केंद्राच्या प्रेशरचं पाणी. आपल्याकडे रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, दोन दिवस धुलाईवाल्यांकडे रांगा असतात, आणि रंग निघावा म्हणून नळी थेट हँडलच्या मुळाशी धरली जाते. तिथली धूळ-टोपी पावसाचे थेंब अडवते, पंपाचं पाणी नाही. आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही.

आधी निदान, मग पाना

गाडी मधल्या स्टँडवर घ्या. इंजिनखाली लाकडी फळी ठेवून त्यावर जॅक लावा आणि पुढचं चाक बोटभर उचला. मधला स्टँड नसलेली गाडी फक्त जॅकवर उभी करू नका, मागच्या चाकाला पॅडॉक स्टँड लावा.

समोर बसून दोन्ही शॉकअप खालच्या टोकाला धरा आणि पुढे-मागे ओढा. दुसऱ्या माणसाला टी आणि चेसिसच्या हेड पाइपच्या (हँडलचा दांडा ज्यातून जातो ती पुढची नळी) सांध्यावर बोट ठेवायला सांगा. सांध्यात हालचाल जाणवली तर कोन सेट ढिला आहे किंवा झिजला आहे. सांधा घट्ट असूनही खाली खडखड होत असेल तर शॉकअपचे बुश संशयित. चाक नऊ आणि तीनच्या जागी धरून आडवं हलवल्यावर खेळ जाणवला तर चाकाचं बेअरिंग. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक दाबून पुढे-मागे ओढण्याची चाचणी करताना कॅलिपरच्या पॅडचा थोडा खेळ जाणवतो, तो कोन सेटच्या नावावर टाकू नका.

हँडल फिरवताना क्लच, ॲक्सिलरेटरच्या केबल आणि वायरिंगही ओढत असतं. जडपणा त्यांचा तर नाही, हे केबल बाजूला करून पाहा.

आता टी. खालचा क्लॅम्प, म्हणजे टी, आणि वरची प्लेट सहसा झिजत नाहीत. ती वाकतात किंवा तडकतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा पडझड किंवा मोठा खड्डा असतो. पडल्यानंतर गाडी सरळ जातेय पण हँडल तिरकं दिसतंय, अशी तक्रार घेऊन लोक लगेच टी विकत घेतात. थांबा. बरेचदा शॉकअप टीच्या आत किंचित पिळले गेलेले असतात, इतकंच. पुढचा ॲक्सल, मडगार्डचे बोल्ट, दोन्ही क्लॅम्पचे पिंच बोल्ट (शॉकअपचा पाइप आवळून धरणारे) आणि वरचा मधला नट ढिले करा, चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल फिरवून सरळ करा. मग सगळं पुन्हा आवळा. एवढ्याने काम झालं तर टीचे पैसे वाचले.

नाही झालं तर चाक आणि मडगार्ड काढून, शॉकअप टीतच असताना, काचेची चाचणी करा. सपाट, जाड काचेचा तुकडा दोन्ही शॉकअपच्या उघड्या पाइपवर आडवा ठेवा. काच चारही टोकांना टेकली तर पाइप समांतर आहेत. एका कोपऱ्यावर डुगडुगली तर पाइप किंवा टी पिळलेली आहे. मग पाइप काढून सपाट फरशीवर, किंवा त्याच काचेवर, लोळवून पाहिले की दोष कुणाचा ते कळतं. टीचा मधला दांडा वाकला आहे का, हे लेथवाल्याकडे सेंटरमध्ये फिरवून दोन मिनिटांत समजतं.

वाकलेली टी प्रेसवर सरळ करून देणारे भेटतील. माझं मत स्पष्ट आहे: ॲल्युमिनियमची टी किंवा वरची प्लेट सरळ करून घेऊ नका. ती सरळ दिसेल, पण आत तडा धरून बसलेली असेल. पिंच बोल्टजवळच्या फटीच्या तळाशी आणि दांडा जिथे टीत बसतो तिथे डिझेलने पुसून, मग खडू घासून पाहा. तडा असेल तर त्यातून झिरपणारी रेघ खडूवर दिसते. अशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका.

काय आणायचं

गाडीच्या कंपनीचा कोन सेट, म्हणजे वरची वाटी, वरचा कोन, खालची वाटी, खालचा कोन, छर्रे, आणि मिळत असेल तर धूळ-सील व वॉशर. सेट पूर्ण बदला. नुसते छर्रे बदलून जुन्या वाट्यांवर चालवणं म्हणजे नवे छर्रे जुन्या खड्ड्यांत टाकणं.

टेपर रोलर बेअरिंग (छर्‍यांऐवजी निमुळते रोलर असलेलं) बसवा असं सांगणारे खूप भेटतात. जड गाड्यांत ते चांगलं टिकतं, कारण भार बिंदूवर नसून रेषेवर पडतो. पण मूळ गाडीत छर्‍यांचा सेट असेल तर टेपरची उंची वेगळी असू शकते. मग वरच्या नटाला आटे कमी पडतात किंवा टी आणि चेसिसमध्ये फट राहते. शहरात चालणाऱ्या १००-१५० सीसीच्या गाडीला मूळ सेटच पुरेसा आहे.

अवजारांत सी-पाना, वरच्या नटाला बसणारं सॉकेट, एलन की, रबरी आणि साधी हातोडी, लांब पोलादी पंच, बारीक छिन्नी, टॉर्क पाना हे हवं. शिवाय एक फूटभर लांबीचा आट्यांचा रॉड, दोन नट आणि वाटीपेक्षा थोडे मोठे जाड वॉशर. हे सगळं सियागंजच्या बाजारात एका फेरीत मिळतं. ग्रीस लिथियमचं घ्या, दुकानात एपी-३ म्हणून मागितलं तरी चालेल. पावसात जास्त फिरत असाल तर पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस घ्या. आणि घरातली एक परात लागेल, ती परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे आधीच सांगून ठेवा.

उघडणं

बॅटरीची ऋण तार काढा. टाकीवर जाड गोधडी टाका. हेडलाइट, मीटर, वायरिंग कुठून जातं याचे फोटो काढा. कॅलिपर सोडून तारेने चेसिसला बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. चाक आणि मडगार्ड काढलं की गाडीचं वजन मागे झुकतं, म्हणून कॅरियर दोरीने भक्कम आधाराला बांधून ठेवलेलं बरं.

शॉकअप काढण्याआधी एक माप घ्या: पाइपचं टोक वरच्या प्लेटच्या किती वर किंवा बरोबरीला आहे. हे माप दोन्ही बाजूंना सारखं हवं. जुन्या गाडीत वेगळं निघालं तर कुणीतरी आधी घाईत काम केलेलं आहे. पिंच बोल्ट ढिले करून पाइप फिरवत खाली ओढा. अडकला तर फटीत पेचकस हलकेच टेकवून किंचित उघडा. फटीत छिन्नी ठोकली तर ॲल्युमिनियम तडकेल.

हँडल क्लॅम्पमधून सोडून गोधडीवर ठेवा. ब्रेक ऑइलचा डबा सरळ राहू द्या, नाहीतर हवा जाऊन वेगळंच काम वाढेल. वरचा मोठा नट सोडा, प्लेट उचला. आता सी-पान्याने खाचांचा नट सोडायचा आहे. या क्षणी एका हाताने टी खालून घट्ट धरा आणि परात खाली सरकवा. नट सुटला की टी खाली येते आणि मोकळे छर्रे उड्या मारत निघतात. परातीत पडलेले मोजा, वाट्यांना ग्रीसमध्ये चिकटलेले मोजा. वरचे आणि खालचे वेगळे ठेवा, कारण संख्या किंवा आकार वेगळा असू शकतो. पिंजऱ्यात बसवलेले छर्रे असतील तर ही कटकट नाही, फक्त पिंजऱ्याची कोणती बाजू वर होती तेवढं लक्षात ठेवा.

डिझेलने सगळं धुऊन वाट्या उजेडात फिरवून पाहा. ओळीने पडलेले चकचकीत ठिपके दिसले की आपण योग्य कामाला हात घातला हे नक्की.

जुन्या वाट्या आणि खालचा कोन

खालची वाटी काढताना पंच वरून हेड पाइपमध्ये घाला आणि वाटीच्या आतल्या कडेवर टेकवा. एक ठोका डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर वाटी तिरकी होऊन हेड पाइपची बसकण ओरखडते, आणि ती चेसिस आहे, बदलता येत नाही. वरची वाटी याच पद्धतीने खालून.

काही गाड्यांत पंच टेकवायला कडाच दिसत नाही. तेव्हा वेल्डिंगवाल्याकडून वाटीच्या आतल्या पृष्ठभागावर गोल एक बारीक रेघ मारून घ्या. वेल्ड थंड होताना वाटी आकसते आणि जवळजवळ आपोआप सुटते. मात्र वेल्डिंगआधी टाकी काढून लांब ठेवा, आणि फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयूचा (इंजिनच्या कंप्युटरचा) कनेक्टर सोडा.

टीच्या दांड्यावरचा खालचा कोन सर्वांत हट्टी. कोन आणि टीच्या मधल्या फटीत छिन्नी चहूबाजूंनी थोडी थोडी सरकवा. दांड्याला छिन्नी लागली तर उठलेली कड कानशीने घासून टाका. नवी टी आणली असेल तर ही मेहनत वाचते, पण नव्या टीवर कोन बसवलेला आहे की वेगळा घ्यायचा, हे दुकानातच पाहून घ्या. जुनी आणि नवी टी शेजारी ठेवून दांड्याची लांबी, आटे, हँडल-लॉकची खाच आणि दोन्ही बाजूंचे स्टॉपर जुळतात का ते तपासा. स्टॉपर चुकीचे असतील तर हँडल पूर्ण वळवल्यावर शॉकअप टाकीला आपटतो.

नव्या वाट्या बसवणं

इथे घाई केली तर बाकी सगळं वाया. हेड पाइपची बसकण कापडाने पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. नव्या वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, थंडीने त्या किंचित आकसतात. बसकणीला ग्रीसचा पातळ हात द्या.

वाटी हाताने सरळ टेकवा. आट्यांचा रॉड हेड पाइपमधून घाला, दोन्ही टोकांना जाड वॉशर आणि नट लावा. वाटीच्या बाजूला वॉशर आणि नवी वाटी यांच्यामध्ये जुनी वाटी ठेवा, तिची बाहेरची कड आधी ग्राइंडरवर थोडी कमी करून घेतलेली हवी, नाहीतर तीही आत जाऊन अडकेल. वॉशर फक्त वाटीच्या कडेवर दाबला पाहिजे, छर्रे फिरतात त्या जागेवर नाही. नट हळूहळू आवळा आणि दर अर्ध्या फेऱ्याला वाटी चारही बाजूंनी सारखी जातेय का पाहा. तिरकी दिसली तर लगेच थांबा, मागे घ्या, पुन्हा सरळ करा.

रॉड नसेल आणि हातोडीनेच बसवायची वेळ आली तर कान उघडे ठेवा. वाटी जात असताना ठोक्याचा आवाज बोदा असतो, तळाला टेकली की टणक वाजतो. शेवटी सर्वांत बारीक फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी) वाटी आणि हेड पाइपच्या मध्ये घालून पाहा, ती कुठेच शिरता कामा नये. किंचित उंच राहिलेली वाटी पहिल्या काही खड्ड्यांतच आणखी आत जाते आणि मग ‘नवा सेट टाकला तरी ढिला झाला’ अशी तक्रार येते.

खालचा कोन बसवताना आधी धूळ-सील आणि वॉशर दांड्यात घाला. हे विसरलं की नवा कोन पुन्हा काढावा लागतो, आणि काढताना तो खराब होतो. कोन थोडा गरम करा, दांड्याच्या मापाचा पाइप घेऊन आतल्या कडेवर सरळ ठोका.

ग्रीस, छर्रे, आणि खरा खेळ

दोन्ही वाट्यांत भरपूर ग्रीस भरा. छर्रे एकेक करून त्यात रोवा. मोजलेली संख्या जुळली पाहिजे. एक छर्रा कमी बसवून उरलेला खिशात टाकणारे महाभाग आहेत. उलट, दाटीने जास्त एक कोंबला तर छर्रे एकमेकांवर चढतात. सगळे बसल्यावर एका छर्‍यापेक्षा कमी मोकळी जागा राहते, ती तशीच हवी. दांड्यालाही ग्रीसचा हात द्या, गंज धरत नाही.

टी सरळ वर चढवा, वरचा कोन ठेवा, खाचांचा नट हाताने लावा. आता आवळण्याचा क्रम असा:

१. सी-पान्याने नट बऱ्यापैकी घट्ट करा, मग टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवा. यात छर्रे आपली जागा घेतात.
२. नट पूर्ण ढिला करा, आणि मग फक्त खेळ जाईपर्यंत हलकेच आवळा. टी आपल्या वजनाने बाजूला पडली पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये.
३. वरची प्लेट ठेवा, शॉकअप घाला, घेतलेलं माप जुळवा. फक्त खालच्या टीचे पिंच बोल्ट आवळा.
४. आता वरचा मोठा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. वरच्या प्लेटचे पिंच बोल्ट यावेळी ढिलेच हवेत. ते आधी आवळले तर प्लेट शॉकअपला पकडून बसते, मोठ्या नटाचा दाब बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही आणि थोड्याच दिवसांत सेट ढिला पडतो.
५. शेवटी वरचे पिंच बोल्ट. ८ मिमीच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

चौथ्या पायरीनंतर हँडल पुन्हा तपासा. मोठा नट आवळला की आट्यांतला खेळ निघून जातो आणि दाब थोडा वाढतो. म्हणून मघाशी बरोबर वाटलेलं आता जड वाटू शकतं. मग मोठा नट ढिला करून खाचांचा नट केसभर मागे घ्यायचा, आणि पुन्हा. दोन-तीन वेळा हे करावं लागणं अगदी सामान्य आहे. “पहिल्याच वेळी जमलं” म्हणणाऱ्या उस्तादाकडे मी जरा संशयानेच बघतो.

चाक बसवा, ॲक्सल आवळा. ॲक्सलचा पिंच बोल्ट आवळण्याआधी गाडी जॅकवरून उतरवा आणि पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चार-पाच वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी येतात. ब्रेक लीव्हर कडक आहे का, केबल हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर ताणत नाहीत ना, हे गाडी बाहेर काढायच्या आधी बघा. हँडल वळवल्यावर इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल चुकीच्या वाटेने गेली आहे.

चालवून पाहणं

पहिली फेरी कॉलनीतल्या मोकळ्या रस्त्यावर, ताशी १५-२० ने. हँडल जड असेल तर इथेच कळतं, गाडी तोल सांभाळण्यासाठी सतत डावी-उजवी मागते. मग पुढचा ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबून ‘टक्’ ऐकू येतंय का पाहा. हात सोडून चालवून बघण्याचा सल्ला देणारे असतात, तो मानू नका. सिमरोलच्या भेरूघाटात ट्रकांच्या मागे उतरण्याआधी या दोन्ही चाचण्या झालेल्या हव्यात.

नवा सेट पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडा बसतो. ३०० ते ५०० किलोमीटरनंतर चाक उचलून तीच पुढे-मागे ओढण्याची चाचणी करा आणि गरज असेल तर वरचे पिंच बोल्ट आधी ढिले करून मगच नट हलवा. त्यानंतर पावसाळा संपला की एकदा. आणि धुलाईवाल्याला गाडी देताना सांगा की प्रेशरची नळी हेडलाइटच्या मागे मारू नकोस. तो ऐकत नसेल तर हँडलच्या मुळाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून द्या.